तयार होईल तेव्हा

सुरतेच्या बमरोलीत राहणाऱ्या माणसाला यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत नाही. तो थांबला, तरच त्याचे कान टवकारतात. चांगल्या यंत्राचे लक्षण हेच, की चालू असताना त्याची आठवण होऊ नये. संगणकाच्या बाबतीत असे भाग्य क्वचितच लाभते. आमच्या शाळेतील चार जुने संगणक पूर्वी ऐन परीक्षेच्या दिवशी स्वतःच्याच दुरुस्तीस बसत, आणि मुले हाताची घडी घालून पडद्याकडे पाहत राहत. पुढे त्यांवर डेबियन नावाची कार्यप्रणाली बसविली आणि ही तक्रार मिटली. त्या डेबियनचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. दाबलेले अक्षर पडद्यावर नेणे, लिहिलेला मजकूर जपून ठेवणे, अनेक कामांना वेळ वाटून देणे, ही सारी व्यवस्था तिची. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प सोडला. मुक्त अशा अर्थी, की तिच्या आज्ञांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा आणि वाटावा. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा, लिनक्स, तयार केला. तथापि हे सारे सुटे भागच होते. ते जुळवून देणारे काही संच निघाले, पण त्यांत चुका फार. पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या इयान मर्डॉकला त्याचा वीट आला, आणि १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने नव्या संचाची घोषणा केली. नाव दोघांचे : मैत्रीण डेब्रा हिचे ‘डेब’ आणि स्वतःचे ‘इयान’.

डेबियनची खरी रीत तिच्या तीन दालनांत आहे. नवा माल प्रथम ‘अस्थिर’ दालनात येतो. तेथे टिकला तर ‘चाचणी’त, आणि दीर्घ पारखीनंतर ‘स्थिर’ दालनात. आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतील पात्रांची. अस्थिर दालनाला मात्र खेळणी मोडणाऱ्या ‘सिड’ या द्वाड पोराचे नाव दिले आहे, हे मला फार आवडते! स्थिर आवृत्ती केव्हा निघणार, असे विचारल्यास उत्तर ठरलेले : तयार होईल तेव्हा. जुलै २००२ च्या आवृत्तीनंतर पुढची जून २००५ मध्ये आली. लोक चिडले, चेष्टा झाली. पण एकदा आलेली आवृत्ती पुढे सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्यांखेरीज बदलत नाही. म्हणूनच २०१३ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील लॅपटॉपांसाठी हिची निवड झाली. तेथे दुरुस्तीला कारागीर कोठून बोलवावयाचा?

ही प्रणाली कधी चुकलीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. २००६ मध्ये एका स्वयंसेवकाने गुप्त किल्ल्या घडविणाऱ्या भागातील काही ओळी अनावश्यक समजून काढून टाकल्या. त्यामुळे घडणाऱ्या किल्ल्या इतक्या थोड्या प्रकारच्या झाल्या, की त्या अंदाजाने शोधता याव्यात. मे २००८ पर्यंत हे कोणाच्या ध्यानी आले नाही. मूळ मजकूर उघडा होता, पण उघडे असणे आणि कोणी वाचणे या गोष्टी निराळ्या. चूक कळताच मात्र ती जाहीर करण्यात आली, आणि जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या.

‘हिला देखभाल लागत नाही,’ असे आपण म्हणतो, ते माझ्या मते अर्धसत्य आहे. देखभाल लागते, ती दुसरे कोणी करते. मागावर बसलेल्या कारागिराला यंत्राची चिंता नसते, कारण जॉबर पाना घेऊन फिरत असतो. डेबियनचे असे सुमारे १ हजार जॉबर देशोदेशी आहेत, आणि बहुतेक बिनपगारी. त्यांच्या श्रमांवर इतरांनीही घरे बांधली. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली पुढे आणलेल्या ‘बॉस’ या भारतीय प्रणालीचा पाया डेबियनचाच. फेब्रुवारी २००९ च्या आवृत्तीपासून तर डेबियन बसवितानाच्या सूचना मराठीत वाचावयास मिळू लागल्या. सुरतेत मराठी शिकविणाऱ्याला याचे अप्रूप किती, हे काय सांगावे?

ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी आवृत्ती निघाली. तिच्यात ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांवर प्रणाली बसविण्याची सोय काढून टाकण्यात आली. आमच्या चारांपैकी दोन संगणक नेमके त्याच जातीचे. वापरणारे थोडे, सांभाळणारे त्याहून थोडे, तेव्हा निर्णय रास्तच म्हटला पाहिजे. पण मला वाईट वाटले. ती दोन यंत्रे बाराव्या आवृत्तीवरच ठेवली आहेत. तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळावयाच्या आहेत. तोवर मुले त्यांवर मराठी टंकलेखन शिकतील. पुढची तजवीज मला अजून सुचलेली नाही.