आकडी, उंदीर आणि ब-६ जीवनसत्त्व

ब-६ जीवनसत्त्व कमी पडलं की आकडी येते, हे तान्ह्या बाळांच्या आधी जनावरांत दिसलं होतं. ब्रिटनमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली डुकरांत आणि १९४० साली उंदरांत अशी आकडी नोंदवली. तरीही १९५०नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत, एका डबाबंद पातळ दुधावर वाढणारी बाळं चिडचिडी झाली, जराशा आवाजानं दचकू लागली आणि त्यांना आकडी येऊ लागली. दूध निर्जंतुक करताना उष्णतेनं त्यातलं ब-६ नष्ट झालं होतं. पायरिडॉक्सिनचं, म्हणजे ब-६चं, इंजेक्शन दिलं की आकडी काही मिनिटांत थांबे. इतका स्पष्ट इशारा वाया का गेला? माझ्या मते, आकडीमागचं कारण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून. आकडी हे कुपोषणाच्या अनेक लक्षणांपैकी एक समजलं गेलं. मेंदूशी तिचं नातं कुणी जोडलं नाही.

ते नातं जोडायला पुन्हा उंदीरच उपयोगी पडला. १९५० साली युजीन रॉबर्ट्स आणि सॅम फ्रँकेल यांनी उंदराच्या मेंदूत गॅबा हे रसायन दाखवलं. मेंदूतल्या पेशींची उत्तेजना आवरणारं हे रसायन ग्लुटामिक आम्लापासून बनतं आणि ते बनवणाऱ्या विकराला पायरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे ब-६चं कार्यक्षम रूप, लागतं. ते नसेल तर गॅबा घटतं आणि लगाम सुटतो.

यावर आक्षेप येतो: प्रयोगशाळेत मुद्दाम उपाशी ठेवलेल्या जनावरावरून माणसाबद्दल काय ठरवायचं? आक्षेप रास्त आहे. मात्रा, वय, आहार, सगळंच वेगळं असतं. पण १९९५ साली एका विशिष्ट फॉस्फेटेज विकराचं जनुक निकामी केलेल्या उंदरांनी याचं उत्तर दिलं. त्यांच्या आहारात ब-६ होतं, तरी ते आकडीनं मरत होते. कारण फॉस्फेट निघाल्याशिवाय पायरिडॉक्सल फॉस्फेट पेशीत शिरू शकत नाही, आणि ते काढणारा विकरच त्यांच्यात नव्हता. फॉस्फेट नसलेलं पायरिडॉक्सल दिल्यावर आकडी थांबली. तोच विकर जन्मतः बिघडलेल्या, हायपोफॉस्फेटेशिया झालेल्या काही बाळांनाही आकडी येते आणि ती ब-६ला दाद देते.