बीगल कुत्री ते 'अंतरा'

झाशी म्हटलं की आपल्याला नेवाळकरांचं राज्य आणि राणीचा किल्ला आठवतो. आज किल्ल्यावर न जाता सरकारी दवाखान्याकडे वळू. उत्तर प्रदेशातल्या सरकारी दवाखान्यांत 2017 नंतर 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळू लागलं. तीन महिन्यांतून एकदा टोचून घ्यायचं. गोळ्यांचं पाकीट सासूच्या नजरेआड ठेवावं लागतं, इथे ती कटकट नाही. पण मनात एक धास्ती असते : यानं छातीचा कॅन्सर तर होणार नाही?

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. मोठमोठ्या तज्ज्ञांनाही तो पडला होता.

'अंतरा'तलं औषध म्हणजे जगात गाजलेलं 'डेपो-प्रोव्हेरा'. बीगल जातीच्या कुत्र्यांना ते दीर्घकाळ दिलं, तेव्हा माद्यांच्या स्तनांत गाठी झाल्या. अमेरिकेनं 1978 मध्ये गर्भनिरोधक म्हणून त्याला परवानगी नाकारली, त्यामागे हेही एक कारण होतं. पण कुत्रीवरून बाईचा अंदाज बांधायचा का? यावर बरीच वर्षं भांडण चाललं. 1991 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा केनिया, मेक्सिको आणि थायलंडमधला अभ्यास आला. एकूण धोका फारसा वाढलेला नव्हता. वापर सुरू करून थोडीच वर्षं झालेल्या बायकांत मात्र तो काहीसा जास्त दिसला. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं परवानगी दिली.

आपल्याकडे ठिणगी पडली ती हैदराबादजवळच्या पटनचेरूला, 1985 मध्ये. तिथे 'नेट-एन' या दुसऱ्या हार्मोन इंजेक्शनची चाचणी होती, आणि आपल्यावर प्रयोग होतोय हे बायकांना नीट सांगितलेलंच नव्हतं. स्त्री शक्ती संघटना आणि इतर गट 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात कुत्र्यांपेक्षा हे प्रकरण मोठं. धोका किती, हे डॉक्टर मोजतील. पण तो पत्करायचा की नाही, हे बाईनं ठरवायचं.

मग धोका आहे किती? डेन्मार्कमध्ये 18 लाख बायकांच्या नोंदी तपासून 2017 मध्ये आकडा निघाला : हार्मोनची गर्भनिरोधकं वापरणाऱ्या साधारण 7,690 बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरची एक जादा केस. ज्या बाईला हा कॅन्सर आधीच झालाय, तिला मात्र 'अंतरा' देत नाहीत. म्हणून सुई टोचण्याआधी नर्सनं ते विचारायचं असतं. तिनं विसरलं, तर आपणहून सांगा.