सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल का अडकतं? कारणं, तपासणी आणि रेंजवर काय करायचं, सगळं सोप्या भाषेत

सिनेमात हिरोचं पिस्तूल कधी अडकत नाही. नेमबाजीच्या रेंजवर मात्र पिस्तूल अडकणं ही मोबाईल हँग होण्याइतकीच नेहमीची गोष्ट आहे. फरक एवढाच, की हँग झालेला मोबाईल कुणाला इजा करत नाही. अडकलेल्या पिस्तुलात जिवंत काडतूस असू शकतं.

मी दोडामार्गचा. आमच्याकडे बंदूक म्हटली की शेतीसंरक्षणाची, माकडं आणि रानडुकरांपासून बागा राखणारी. पिस्तूल इथल्या मुलांना दिसतं ते रील्समध्ये, नाहीतर तिलारी घाट चढून कोल्हापूरला नेमबाजी शिकायला गेल्यावर. कोल्हापूरचंच नाव का? कारण राही सरनोबत तिथली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. फायनलमध्ये थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि निकाल शूट-ऑफवर लागला. इतक्या चुरशीत पिस्तूल अडकलं तर काय होईल, विचार करा!

आधी हे समजून घ्या: एका शॉटमध्ये काय घडतं?

२५ मीटर पिस्तूलसाठी पॉइंट २२ बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरतात. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं. क्रम असा:

१. फायरिंग पिन काडतुसाच्या मागच्या कडेवर आपटते आणि दारू पेटते.
२. गॅसच्या दाबाने गोळी पुढे जाते, तर रिकामी पुंगळी आणि तिच्यामागचा सरकता भाग मागे ढकलला जातो.
३. एक्स्ट्रॅक्टर नावाचा छोटा आकडा पुंगळी धरून ठेवतो. इजेक्टरला धडकून ती बाहेर उडते.
४. मागे जाताना सरकता भाग हॅमर ताणतो आणि मागची स्प्रिंग दाबली जाते.
५. स्प्रिंग त्याला परत पुढे ढकलते. येताना तो मॅगझीनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये सारतो.

हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याआधी होतं. बाहेरची कुठलीही मोटर नाही. पूर्ण चक्र त्या एका काडतुसाच्या ताकदीवर फिरतं. म्हणूनच काडतूस थोडं कमजोर, स्प्रिंग थोडी सैल किंवा चेंबर थोडं चिकट असलं, तरी साखळी मध्येच तुटते.

अडकण्याचे मुख्य प्रकार

• क्लिक झालं, बार नाही: पॉइंट २२ च्या काडतुसात पेट घेणारं मिश्रण मागच्या कडेत गोलाकार पसरलेलं असतं. जिथे पिन आपटली नेमकं तिथेच ते कमी असेल, तर काडतूस पेटत नाही. पिन झिजली असेल किंवा तिच्या वाटेत मळ साचला असेल, तरीही हेच होतं.

• पुढचं काडतूस वरच येत नाही किंवा तिरकं अडकतं: पहिला संशय मॅगझीनवर. त्याची स्प्रिंग थकते, वरच्या कडा वाकतात, आत कचरा जातो.

• पुंगळी बाहेर पडत नाही, किंवा सरकत्या भागात उभी चिमटली जाते: इंग्रजीत याला स्टोव्हपाइप म्हणतात, कारण ती चुलीच्या धुराड्यासारखी उभी दिसते. कारणं बहुतेक तीन: कमजोर काडतूस, मळलेलं चेंबर, झिजलेला एक्स्ट्रॅक्टर. काही पिस्तुलांत मनगट ढिलं धरलं तरी असं होतं. पिस्तूलच मागे गेलं, तर सरकत्या भागाला पूर्ण मागे जायला जोर मिळत नाही.

• ‘फुस्स’ असा बारीक आवाज: सगळ्यात धोकादायक प्रकार. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी गोळी झाडली तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

अडकल्यावर पहिलं मिनिट

रील्समध्ये दाखवतात तसं मॅगझीनवर थाप मारून, स्लाइड ओढून लगेच पुढचा शॉट मारायचा नाही. रेंजवर हे करा:

१. नळी टार्गेटच्या दिशेनेच ठेवा. काय झालं म्हणून पिस्तूल तोंडासमोर आणून बघू नका, कोचकडे वळूनही दाखवू नका. दहापैकी नऊ वेळा धोका पिस्तुलामुळे नसतो, या वळण्यामुळे असतो.
२. बोट ट्रिगरवरून बाहेर.
३. मोकळा हात वर करा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबा.
४. क्लिक होऊन बार झाला नसेल, तर निदान ३० सेकंद तसंच थांबा. काडतूस क्वचित उशिरा पेटतं.
५. ‘फुस्स’ झालं असेल तर ट्रिगरला पुन्हा हात नाही. पिस्तूल रिकामं करून नळी मोकळी आहे का, हे जाणकारच तपासेल.

मशीनचा दोष की आपला? नियमांत उत्तर आहे

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने २५ मीटरच्या प्रकारांसाठी बिघाडांचे सरळ दोन गट केले आहेत. काडतूस न पेटणं, गोळी नळीत अडकणं, पुंगळी बाहेर न पडणं, ट्रिगरची यंत्रणा बंद पडणं हे मान्य बिघाड. त्यात राहिलेले शॉट पूर्ण करायची संधी मिळते, पण ठरावीक वेळाच.

अमान्य बिघाडांची यादी वाचली तर हसू येईल: सेफ्टी काढलीच नाही, काडतुसं कमी भरली, मॅगझीन नीट बसवलं नाही, ट्रिगर पूर्ण पुढे सोडला नाही. आणि एक महत्त्वाचं: ऑफिसर येण्याआधी तुम्ही स्वतः यंत्रणेला हात लावला, तर खरा बिघाडही अमान्य ठरतो. म्हणजे हात वर करून थांबणं सुरक्षितही आहे आणि गुणांच्या दृष्टीनेही शहाणपणाचं आहे.

घड्याळ मात्र प्रत्येक प्रकारात थांबेलच असं नाही. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. एअर पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक नसतं, दरवेळी एकच छर्रा भरावा लागतो, तरीही यंत्र ते यंत्रच. दुरुस्ती करून ती परतली तेव्हा ४४ शॉट बाकी होते आणि हातात ३६ मिनिटं. ५७५ गुणांवर ती १२ वी आली, फायनल दोन गुणांनी हुकली. तीच मनू २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच प्रकारात कांस्य घेऊन आली.

दोष शोधायचा कसा? फोन काढा

‘पिस्तूल कधीकधी अडकतं’ या वाक्यावरून कुठलाच मेकॅनिक काही सांगू शकत नाही. मी रेंजवर नोट्स ॲपमध्ये प्रत्येक वेळी या पाच गोष्टी लिहितो:

• तारीख आणि शेवटच्या साफसफाईनंतरचा कितवा शॉट
• काडतुसाचा ब्रँड आणि बॉक्सवरचा लॉट नंबर
• कोणतं मॅगझीन (तळाला मार्करने १, २, ३ लिहून ठेवा)
• अडकण्याचा प्रकार
• ऑफिसरने पिस्तूल सुरक्षित केल्यावर काढलेला पुंगळीचा फोटो

चार-पाच सरावांत चित्र दिसू लागतं. फक्त २ नंबरच्या मॅगझीनमध्येच अडकतं? मॅगझीन बदला. नवीन लॉटपासून सुरू झालं? काडतुसं बदलून पाहा. शंभरेक शॉटनंतरच अडकतं? साफसफाई कमी पडतेय. न पेटलेल्या काडतुसावर पिनची खूण पुसट आहे? पिन किंवा तिची स्प्रिंग दाखवा. कोचची परवानगी असेल तर बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. पुंगळी कुठे अडते ते स्पष्ट दिसतं.

सोनेरी नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅगझीन, काडतूस आणि ऑइल तिन्ही एकदम बदललं, तर पिस्तूल सुधारेल कदाचित, पण कशामुळे ते कधीच कळणार नाही.

कोकणातल्या पावसात विशेष काळजी

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल फोमच्या पेटीत आणि चामड्यात मुरून राहते, आणि पिस्तूल त्यातच ठेवलं तर गंज चढतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला. गंजाच्या भीतीने ऑइल ओतू मात्र नका. जास्त ऑइलमध्ये दारूची काजळी चिकटून लगदा होतो. त्यात पॉइंट २२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखा थर असतो, तोही चेंबरमध्ये साचतो. पातळ थर लावा आणि जास्तीचं पुसून टाका. काडतुसांना ऑइल अजिबात लागू देऊ नका.

दुरुस्ती घरी करायची का?

साफसफाई आणि मॅगझीन तपासणं, कोचने शिकवल्यावर, हो. घासणं, स्प्रिंग कापणं, ट्रिगर हलका करणं, अजिबात नाही. २५ मीटर पिस्तूलच्या ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं, कमी भरलं तर तपासणीतच बाद. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकांच्या दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. त्यामुळे काम परवानाधारक दुकानातच द्या.

थोडक्यात

पिस्तूल लहरी नसतं. प्रत्येक अडकण्यामागे मॅगझीन, काडतूस, मळ, झीज किंवा पकड, यापैकी काहीतरी असतंच. ते शोधायला नोंद पुरते. पण शोध नंतर. आधी नळी टार्गेटकडे, बोट बाहेर, हात वर. नेमबाजी शिकणारा मित्र किंवा मैत्रीण असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.