गवळाऊची चाल

गवळाऊ बैल मराठ्यांच्या फौजांनी घडवला, हे वाक्य पशुसंवर्धनाच्या एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आले आहे. जोशी आणि फिलिप्स यांचे भारत-पाकिस्तानातल्या वशिंडाच्या गुरांवरचे पुस्तक जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखात फौजेचे सामान झपाट्याने हलावे म्हणून मराठ्यांनी ही दुडक्या चालीची गुरे तयार केली, असे त्यातही म्हटले आहे. ऐकायला बरे वाटते. पण ‘तयार केली’ म्हणजे नेमके काय केले? म्हैसुरात याचे उत्तर कागदावर सापडते. चिक्कदेवराज वडियारांच्या काळापासून तिथे सरकारी गुरांचे खातेच होते, हैदरने ते वाढवले, टिपूने त्याला ‘अमृतमहाल’ असे नाव दिले आणि तोफा ओढणाऱ्या बैलांची पैदास दरबाराच्या देखरेखीखाली चालली. गवळाऊची पैदास मात्र वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या पट्ट्यातल्या गवळ्यांच्या आणि कास्तकारांच्या हाती राहिली. वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत नंदगवळी आजही ती सांभाळतात. तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा या बैलाशी संबंध आलाच असेल, तर तो गिऱ्हाईक म्हणून. १७४२ पासून बंगालपर्यंत स्वाऱ्या करणाऱ्यांना लमाणांच्या तांड्यांनी धान्य पुरवले असेल, पण तांडा चरत चरत चालतो. घोडदळाच्या मागोमाग पोचणारी बंडी हवी असेल, तर तसा बैल हेरून त्याचे जास्तीचे पैसे मोजावे लागतात. जास्तीचे पैसे मिळतात म्हटल्यावर गवळी कोणता गोऱ्हा वळू म्हणून राखेल, हे सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे असे की जनावराचा स्वभाव आणि कामाची ताकद रक्तात येते हे खरे, पण ती रक्तात टिकवायला काम लागते. काम म्हणजे परीक्षा. परीक्षा बंद पडली की शुद्ध रक्ताचे जनावरही दोन-चार पिढ्यांत नुसते दिसायला गवळाऊ उरते. याचा पुरावा गवळाऊच्या नात्यातच आहे. आंध्रातला ओंगोल आणि गवळाऊ यांच्यातले साम्य जाणकारांनी पूर्वीच नोंदवले आहे: तोच पांढरा-राखी रंग, तशीच आखूड, बोथट शिंगे. पण ओंगोल थोराड, संथ आणि जड ओझ्याचा. गवळाऊ अंगाने हलका, लांबट, चेहऱ्याने निमुळता आणि पायाने जलद. तोच ओंगोल ब्राझीलला गेला, तिथे ‘नेलोर’ झाला आणि आज मांसासाठी वाढवला जातो. एकाच गोतावळ्याला तीन ठिकाणी तीन कामे मिळाली आणि तीन तऱ्हेची जनावरे झाली. वंशावळ सगळे ठरवत असती, तर असे झाले नसते.

फौजा गेल्या, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी परीक्षा थांबली नाही, हे विसरले जाते. १८६२ मध्ये वर्धा हा वेगळा जिल्हा झाला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव दूरवर गेले. लांबचा माल रेल्वेने नेला, पण शेतापासून बाजारापर्यंत कापूस बंडीनेच यायचा आणि माणसे रेंगीतून किंवा दमणीतून. शिवाय कपाशीच्या शेतातल्या खऱ्या कसोटीचे नाव आहे डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी. पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली की दोन तासांमधून डवरा चालवायचा असतो. तोंडाला मुसके बांधलेली जोडी काळ्या चिकट मातीतून सरळ रेषेत चालली पाहिजे, तासावर पाय पडता कामा नये, शेवटाला वळताना झाड मोडता कामा नये आणि दोन पावसांच्या मधली उघडीप संपायच्या आत वावर उरकले पाहिजे. इथे नुसता वेग चालत नाही आणि नुसता गरीबपणाही चालत नाही. उधळणारा बैल पीक तुडवतो. रेंगाळणारा बैल वाफसा घालवतो. हाकेला वळणारा, तुतारी टोचायची वेळ न आणणारा आणि तरीही पाय उचलून चालणारा बैल लागतो. त्याआधी मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना, वखराला जुंपून उन्हाची परीक्षा होऊन गेलेली असते. फौजेने फार तर काही पिढ्या गवळाऊला तपासले. कपाशीने त्याला शंभर वर्षे दर मोसमात तपासले. गवळाऊच्या इतिहासात मराठ्यांना जे मानाचे पान मिळते, त्यातले अर्धे मी कपाशीला देईन.

यावर एक नेमका आक्षेप आहे. कामाला जुंपतात तो बैल खच्ची केलेला असतो. त्याचे गुण कितीही कसोटीला उतरले तरी त्याला वंश नाही. मग कामाने पैदाशीची निवड होईल कशी? कुत्र्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण शिकार करणारा कुत्राच बापही होतो. पण गुरांच्या बाबतीत निवड आडवाटेने होते आणि ती वाट चांगली मळलेली होती. पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे गोऱ्हे उशिरा खच्ची करण्याची पद्धत होती. जुवाची सवय लावताना त्याचा स्वभाव दिसायचा आणि निर्णय त्यानंतर होई. दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे पारख भावंडांवरून चाले. ज्या गाईचे आधीचे दोन गोऱ्हे चालीचे निघाले, तिचा तिसरा वळू म्हणून राखायचा. जिचा बैल बसका किंवा मारका निघाला, तिच्या गोऱ्ह्याला कळपात ठेवायचे नाही. बाजारात व्यापारी दात बघे, भोवरे बघे (भोवऱ्यांच्या शकुनांत तथ्य शोधू नये), पण शेवटी चालवून बघे आणि घर विचारी. विक्रीची किंमत ही जणू त्या गाईची नोंदवही होती. आजचे पैदासशास्त्र दुधाळ वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून करते. तर्क तोच आहे, कागद नवा आहे.

आता संकराकडे वळू. संकर म्हटले की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात: एकाला रक्त बाटल्याचे दुःख, दुसऱ्याला दुधाचा हर्ष. या वादात इंग्लंडातल्या एका कुत्र्याचे उदाहरण उपयोगी पडेल. ‘लर्चर’ म्हणजे ग्रेहाउंडसारखा धावणारा कुत्रा आणि मेंढपाळी किंवा टेरियर कुत्रा यांचा संकर. ससे मारणाऱ्या, बहुधा चोरून शिकार करणाऱ्या गोरगरिबांनी तो जोपासला; एकाचा वेग हवा आणि दुसऱ्याची समज. तिथल्या केनेल क्लबच्या जातींच्या यादीत त्याला जागा नाही. त्यामुळे त्याच्या पिल्लाची किंमत कागदावर ठरत नाही, रानात ठरते. शुद्ध आई-बापांच्या पहिल्या संकराची पिल्ले बरीचशी सारखी निघतात. पण त्या संकरित जोड्यांची पुढची वीण उघडली की एकाच विणीत एक वाऱ्यासारखे पळणारे आणि डोके नसलेले, दुसरे शहाणे पण जड, तिसरे भित्रे अशी पिल्ले निघू शकतात. आनुवंशिकतेचा हा साधा नियम आहे. लर्चर पाळणारे म्हणूनच प्रत्येक पिढी कामाला लावून बघतात आणि जे चालत नाही त्याची वीण घेत नाहीत. म्हणजे संकर हा गुन्हा नाही. संकरानंतरची परीक्षा सोडून देणे हा घात आहे. गवळाऊ तरी आभाळातून शुद्ध पडला आहे का? ओंगोलशी असलेले त्याचे साम्यच सांगते की गुरे फिरत आली, मिसळत आली आणि मग कामाने चाळली गेली.

वर्ध्याने या प्रश्नाला एकदा फार गांभीर्याने हात घातला होता. गांधीजींच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ निघाला. जमनालाल बजाजांनी अखेरचे दिवस त्याच कामाला दिले. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले आणि जानकीदेवींनी धुरा उचलली. नुसती गोरक्षणाची घोषणा देऊन गाय वाचत नाही, ती परवडली पाहिजे, हा या मंडळींचा विचार होता. गोरस भंडाराने गाईच्या दुधाला गिऱ्हाईक मिळवून दिले, आणि आज पाहुणे ज्याचे पुडे घेऊन जातात तो गोरसपाक त्याच कामाचे फळ आहे. एकाच गाईने दूधही द्यावे आणि शेताला बैलही द्यावा, म्हणून स्थानिक गवळाऊतूनच दुधाची निवड करायची, ही वर्ध्याची दिशा. गांधीजींचेच दुसरे अनुयायी मणिभाई देसाई १९४६ पासून उरुळीकांचनला होते. त्यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि जर्सी-होल्स्टीनच्या संकराचा मार्ग धरला. दोघांचे दैवत एकच, वाटा उलट. मणिभाईंना दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. गवळाऊ गाय एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास दूध देते. एवढ्या दुधावर कोरडवाहू घराचा महिन्याचा किराणाही सुटत नाही. संकरित गाईने पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रोख पैसा आणला, हे नाकारणाऱ्याने स्वतः दोन गाई पाळून दाखवाव्यात.

मग बिघडले कुठे? संकरित वळूची निवड झाली ती त्याच्या आईच्या आणि मुलींच्या दुधावरून. त्याचा मुलगा जुवाखाली कसा वागतो, हे कोणी विचारलेच नाही. संकरित बैल अगदीच निकामी असतो असे म्हणणेही खोटे आहे. अंगाने भारी असल्याने सकाळच्या गारव्यात तो देशी बैलाइतके, कधी जास्तही ओढतो. पण त्याचे वशिंड लहान, त्यामुळे जू नीट टेकत नाही. आणि ऊन चढले की त्याची धाप वाढते, अंग तापते, तो थांबतो. वशिंडाच्या गुरांना उष्णता सोसते, कारण त्यांचे शरीर मुळात कमी उष्णता निर्माण करते आणि घामावाटे ती चांगली बाहेर टाकते. विदर्भातल्या मे महिन्याच्या वखरणीत हा फरक दुपारी अकरालाच कळतो. परिणाम असा की संकरित गोऱ्ह्याला बाजारात भावच राहिला नाही. आता तर कालवडीच जन्माव्यात अशी वर्गवारी केलेल्या वीर्यमात्रा मिळतात, म्हणजे परीक्षार्थीच जन्माला येणार नाही. ट्रॅक्टरने उरलेले काम नेले आणि २०१५ च्या कायद्याने बैल कत्तलीसाठी विकता येणे बंद झाल्यावर, म्हातारा बैल पोसायचा की जोडीच ठेवायची नाही, असा हिशेब शेतकरी करू लागला. वर्ध्याजवळच्या बोरच्या जंगलाला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. रान राखीव होत गेले तशी गवळ्यांच्या कळपांची चराई आक्रसली. गवळाऊ कमी होण्यात जर्सीच्या रक्ताचा वाटा आहे, पण या बाकीच्या कारणांपुढे तो मला दुय्यम वाटतो.

शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, बैलाचा कामाचा गुण टिकवतो, असे पटाचे शौकीन सांगतात. वर्धा नदीपलीकडच्या तळेगाव दशासरचा पट सर्वांना ठाऊक आहे. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ ला राज्यात पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्यानंतर चांगल्या गोऱ्ह्याला पुन्हा गिऱ्हाईक आले, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. किंमत पुन्हा बोलू लागली, एवढे श्रेय पटाला द्यावे. पण पट काही सेकंदांत संपतो. तिथे धुरकऱ्याला हवा असतो तो इशारा मिळताच भडकून सुटणारा बैल. डवऱ्याला लागणारा संयम, दिवसभराचा दम, शेवटाला वळण्याची समज यांतले पट काहीच तपासत नाही. वीस पिढ्या फक्त पटासाठी निवड केली तर वेगवान बैल मिळेल, पण त्याला कपाशीत घालायची कोणाची छाती होणार नाही. छळाचा प्रश्न वेगळा आणि तो न्यायालयाने घातलेल्या अटींच्या भरवशावर सोडून देण्याइतका लहान नाही.

सरकारी संवर्धनाचा भर नेमका उलट बाजूला, रूपावर आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशन २०१४ मध्ये आले, कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीच्या सरकारी प्रक्षेत्रावर गवळाऊचा कळप जपला जातो, ३० सप्टेंबर २०२४ ला राज्याने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. जात ओळखायला रंग, शिंगे, कपाळ आणि गळ्याची पोळी बघतात, आणि प्रदर्शनात बक्षीस मिळते तेही याच गोष्टींना. हेटीकुंडीसारखे प्रक्षेत्र नसते तर आज बोलायला जातच उरली नसती, हे खरे. पण रूप राखणे सोपे असते, कारण ते डोळ्यांना दिसते. स्वभाव जुंपल्याशिवाय दिसत नाही. काम संपले तर कामाचा गुण राखायचा कशासाठी, असे कोणी म्हणेल. विदर्भात दोन-चार एकरवाल्या कास्तकाराच्या शेतात उभ्या पिकातली डवरणी अजून बैलाने होते आणि डिझेलचा भाव कोणाच्या हातात नाही; एवढे कारण पुरे आहे. तेव्हा पशुसंवर्धन खात्याला आणि पैदासकार संघटनांना एकच मागणे आहे: वळू निवडताना आईच्या दुधाच्या रकान्याशेजारी त्याच्या भावांच्या कामाचा रकाना ठेवा. जोडी एका दिवसात किती वावर डवरते, उन्हात किती वेळ टिकते, नव्या माणसाच्या हाताखाली कशी वागते, एवढ्या तीन नोंदी नंदगवळ्यांकडून आणि त्यांचे बैल विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांकडून दरवर्षी गोळा कराव्यात, आणि ज्या गाईचे गोऱ्हे चालत नाहीत तिचा वळू, शिंगे कितीही सुबक असली तरी, पैदाशीला लावू नये.