मामाचा फॉरवर्ड, आईची दाढ आणि रूट कॅनालचा शंभर वर्षं जुना घोळ

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी: बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.

गोष्ट सुरू होते आमच्या फॅमिली ग्रुपवर. आईची खालची उजवी दाढ दिवाळीपासून ठणकत होती. आधी लवंग, मग पेनकिलर, मग "आता थांबलंय रे, कशाला डॉक्टर". शेवटी एका रात्री ती दोन वाजता किचनमध्ये गालाला बर्फ लावून बसलेली दिसली आणि दुसऱ्या दिवशी मी तिला गंगापूर रोडच्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेलो. मॅडमनी एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, कीड नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनाल करावं लागेल, दाढ वाचेल.

आईने ही बातमी ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत मामाचा फॉरवर्ड आला. रूट कॅनाल केलेला दात म्हणजे शरीरात ठेवलेलं मढं, त्यातून विष रक्तात जातं, त्यामुळे सांधे धरतात, पुढे कॅन्सर होतो, आणि हे शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या अमेरिकन डॉक्टरने सिद्ध केलं होतं पण दाबून टाकलं. आईचे गुडघे आधीच दुखतात. झालं. "काढूनच टाकते. एक दाढ गेली म्हणून काय होतंय?"

एक दाढ गेली की काय होतं ते आमच्याच घरात दिसतं. बाबांच्या खालच्या दोन दाढा नाहीत. ते सिन्नरला असताना दात दुखला की काढायचा, एवढाच उपाय त्यांना माहीत होता. आता शेजारचा दात त्या रिकाम्या जागेत कलंडलाय, वरचा दात खाली उतरलाय आणि बाबा पोळी आमटीत भिजवून खातात. त्यामुळे मी आईला म्हटलं, दोन दिवस दे, मी वाचतो. आणि मंडळी, फॉरवर्डमधली एक गोष्ट खरी निघाली. शंभर वर्षांपूर्वीचा तो डॉक्टर खरंच होता.

पण आधी त्या 'कीड' शब्दाबद्दल. आपण आजही सहज म्हणतो, दाताला कीड लागली. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये 'कृमिदंतक' आहे, मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर दात खाणारा किडा आहे, आणि युरोपातही हीच समजूत होती. आमची आजी सांगायची की गावात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडणारा माणूस यायचा आणि वाटीत पांढरे बारीक किडे दाखवायचा. युरोपात हाच खेळ दुसऱ्या एका झाडाच्या बियांनी चालायचा. तिथे वाटीत पडायचे ते जळलेल्या बीमधले कोंब. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने 1728 साली दातांवरचा जाडजूड ग्रंथ काढला, त्यात त्याने सरळ लिहिलं की सूक्ष्मदर्शकातून बघूनही मला किडा सापडला नाही. गंमत म्हणजे दुखऱ्या दातावर तोही लवंगेचं तेल लावायचा. आजी आणि फोशार, एकाच पार्टीचे. आणि दंतवैद्याच्या दारात पाऊल टाकल्यावर जो वास येतो ना, तो बऱ्याचदा त्या लवंगेतल्याच युजेनॉलचा असतो.

दाताच्या आत एक पोकळी असते, त्यात गर, म्हणजे पल्प. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. हा गर मुळांच्या टोकापर्यंत केसासारख्या बारीक नळ्यांतून उतरतो. गर सडला की दोनच रस्ते: दात काढा, नाहीतर त्या नळ्या साफ करून बंद करा. दुसरा रस्ता म्हणजे रूट कॅनाल. ऐकायला सोपं, पण अडचण अशी की एवढ्या बारीक, वाकड्या नळीत घालणार काय?

1838 च्या सुमारास वॉशिंग्टनच्या एडवर्ड मेनार्ड या डेंटिस्टने घड्याळाची स्प्रिंग घेतली आणि ती घासून घासून नळीत जाईल अशी सुई बनवली. (हाच माणूस बंदुकांच्या शोधांसाठीही ओळखला जातो. साइड प्रोजेक्ट म्हणतात ते हेच.) मेन रोडवर डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी पाहिलेत ना, त्यांच्या टेबलावरून दंतवैद्यकात आलेली वस्तू आहे ही.

साफ केलेल्या नळीत भरायचं काय, हाही प्रश्नच होता. सोनं, शिसं, लाकूड, काय काय भरून झालं. मग 1867 मध्ये बोमन नावाच्या डेंटिस्टने गटापर्चा भरला, असं श्रेय त्याला देतात. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक. गरम केला की मऊ, गार झाला की घट्ट, आणि पाण्यात कुजत नाही. म्हणूनच त्या काळात समुद्राखालच्या तारांना तोच लपेटायचे. 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत तार टाकली आणि मुंबई लंडनशी थेट जोडली गेली, त्या तारेवरही हाच चीक होता. मी नेटवर्किंगचं काम करतो, त्यामुळे हे वाचून खुर्चीतून उठलोच. आपल्या इंटरनेटच्या केबलची पणजी आणि आईच्या दाढेतलं फिलिंग एकाच झाडाचं. तारांवरून गटापर्चा कधीच गेला, प्लास्टिक आलं. दातात मात्र अजून तोच. आजच्या गुलाबी काडीत खरा गटापर्चा जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड, ही गोष्ट वेगळी.

1895 च्या नोव्हेंबरमध्ये राँटगेनने एक्स-रे शोधले आणि दोन-तीन महिन्यांत दाताचा पहिला फोटो निघाला. त्यासाठी तब्बल 25 मिनिटं हलायचं नाही! न्यू ऑर्लिन्सचा एडमंड केल्स नळीत तार घालून एक्स-रे काढायचा, म्हणजे मूळ कुठे संपतं ते कळायचं. किरणांपासून जपायचं असतं हे तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं. केल्सची आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि 1928 मध्ये त्याने आयुष्य संपवलं. आईचा एक्स-रे क्षणभरात निघाला, त्यामागे हा माणूस आहे.

इथपर्यंत सगळं पुढे पुढे चाललं होतं. मग आला घोळ.

1910 मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडात माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण दिलं. त्याचा राग होता सडक्या मुळांवर सोन्याच्या कॅप चढवणाऱ्या डेंटिस्टांवर. खाली घाण, वर सोनं. आणि खरं सांगू, यात तो चुकीचा नव्हता. तेव्हाचं बरंच काम तसंच होतं. पण त्यातून जो सिद्धांत उभा राहिला तो असा: शरीरात कुठेतरी लपलेला संसर्गाचा अड्डा असतो आणि सांधेदुखीपासून वेडापर्यंत सगळं त्यातून होतं. मग अड्डा शोधा आणि काढा. सगळ्यात सोपा अड्डा कुठला? दात.

क्लीव्हलँडचा डेंटिस्ट वेस्टन प्राइस, हाच मामाच्या फॉरवर्डमधला 'मोठा डॉक्टर'. त्याने रूट कॅनाल केलेले दात उपटून सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडले, आणि 1923 मध्ये त्याने दोन मोठे खंड छापले. प्रयोगात भोकं होती. तोंडातून दात उपटताना हिरडीवरचे जंतू त्यावर येणारच, आणि एवढ्याशा सशाला एवढा मोठा दात म्हणजे डोसच भलता. पण तोपर्यंत लाट आली होती. अमेरिकेत चांगले दात धडाधड निघाले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन तर वेड बरं करायला रुग्णांचे दात, टॉन्सिल, पुढे आतड्याचे भाग काढत होता. त्याने स्वतःच्या मुलांचेही दात काढवले. म्हणजे तो भोंदू नव्हता, त्याचा खरंच विश्वास होता. मला हेच जास्त भीतिदायक वाटतं.

आणि आता आईच्या गुडघ्यांचा मुद्दा. रसेल सेसिल हा संधिवाताचा डॉक्टर आधी याच सिद्धांताच्या बाजूचा होता. 1938 मध्ये त्याने आणि अँजेवाइनने संधिवाताच्या 200 रुग्णांचा हिशोब मांडला. दात काढून, टॉन्सिल काढून सांधे सुधारले का? सुधारले नव्हते. आपलं आधीचं म्हणणं आकडे बघून मागे घेणारा माणूस मला आवडला. आमच्या ऑफिसात असे कमी भेटतात.

पण अड्डा नाही तर मग दात सडतो तरी कशाने, याचं स्वच्छ उत्तर 1965 मध्ये आलं. अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून गर उघडा केला आणि तसाच सोडून दिला. साध्या उंदरांमध्ये गर सडला, गळू झालं. पण काही उंदीर जन्मापासून जंतुविरहित पेटीत वाढवलेले होते. त्यांच्या दातात अन्नाचे कण अडकले, तरी गर जिवंत राहिला आणि दाताने स्वतःच भोकावर नवा थर चढवला. दोन गटांत फरक एकच, जंतू. आधुनिक रूट कॅनाल या एका गोष्टीवर उभं आहे: आतले जंतू काढा आणि नवे येऊ देऊ नका. 'मेलेला' दात वगैरे काही नाही. मुळाभोवतीचं हाड, तंतू, हिरडी जिवंतच असतात, दात त्यांनी धरलेला असतो.

एक कबुली इथेच देतो. दाताचा शरीराशी संबंधच नाही, असं मी म्हणत नाहीये. हृदयाची झडप बदललेल्यांना दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक देतात, मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात, आणि उपचार न केलेल्या दातातला पू पसरला तर जिवावर बेततं. पण नीट केलेल्या रूट कॅनालने कॅन्सर होतो याला पुरावा नाही. 2019 मध्ये याच दाव्याचा एक माहितीपट टीका झाल्यावर नेटफ्लिक्सवरून हटवला गेला. म्हणजे 1938 ला बंद केलेला बग कोणीतरी पुन्हा पुन्हा उघडतंय.

भारतात डेंटल कॉलेजची सुरुवात 1920 ची, कोलकात्यात डॉ. आर. अहमद यांनी केलेली. मुंबईत नायर रुग्णालयाचं डेंटल कॉलेज 1933 चं. दंतवैद्य म्हणून नोंदणी सक्तीची करणारा कायदा 1948 मध्ये आला. आणि नाशिककर मंडळी, आपल्याकडे पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, आणि 1998 पासून राज्यभरातल्या संलग्न डेंटल कॉलेजांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे. मामा त्याच रस्त्याने रोज ऑफिसला जातो.

हे सगळं मी आईला दोन रात्रीत सांगितलं. ती म्हणाली, "ससे नको सांगू, दुखेल का ते सांग." मला माहीत नव्हतं. म्हटलं, चल, मी बसतो शेजारी.

दुखलं ते भुलेच्या सुईपुरतं. मग मॅडमनी दाढेभोवती रबराचा निळा पडदा ताणला. हाही जुना, 1864 चा, न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नमचा. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत आणि आतली औषधं घशात जाऊ नयेत, दोन्ही कामं तो करतो. तुमच्याकडे कोणी लावत नसेल तर विचारा, संकोच नको.

नळीची लांबी मोजायला एक छोटं यंत्र होतं, एक तार ओठाला अडकवलेली, एक फाइलला. फाइल मुळाच्या टोकाशी पोचली की विजेचा विरोध ठरावीक आकड्यावर येतो, 1962 मध्ये सुनादा या जपानी संशोधकाने दाखवलेलं. यंत्र टुंग टुंग वाजतं. आईला वाटलं कोणाचा तरी फोन.

फाइल्सना रंग होते. पांढरी 15, पिवळी 20, लाल 25. 15 म्हणजे टोकाशी 0.15 मिलिमीटर. एकेकाळी प्रत्येक कंपनीचं माप वेगळं होतं. 1958 मध्ये इंगल आणि लेव्हाइन यांनी मापं एकसारखी करा म्हणून धरून लावलं तेव्हा हळूहळू हा घोळ मिटला. स्टँडर्डवर भांडणाऱ्यांना कोणी पुतळे उभारत नाही, पण उभारायला हवेत. आणि मॅडमच्या मशीनवर फिरणारी फाइल निकेल-टायटॅनियमची होती. हा धातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला. 1988 मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या तारेपासून त्याची पहिली फाइल बनवली. स्टीलची फाइल वाकड्या नळीला सरळ करायला बघते, ही नळीबरोबर वाकते.

तरी फाइल सगळीकडे पोचत नाही. नळीच्या आतल्या भिंतीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग तिला लागतच नाही, असं सूक्ष्म स्कॅनमध्ये दिसलंय. म्हणून खरी सफाई पाण्याची, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटची. पहिल्या महायुद्धात डाकिन या रसायनतज्ज्ञाने सैनिकांच्या जखमा धुवायला ते वापरलं, पुढे ते दातात आलं. मेलेला गर ते चक्क विरघळवतं. मॅडम सारखं धूत होत्या आणि मला वाटत होतं, किती वेळ? मग कळलं, वेळ तिथेच घालवायचा असतो.

खालच्या पहिल्या दाढेला सहसा तीन नळ्या. आईला चार निघाल्या. "मला सगळं जास्तच," असं ती तोंड उघडता आल्यावर म्हणाली. दुसऱ्या भेटीत गुलाबी काड्या भरल्या. तिने एक हातात घेऊन बघितली. "एवढीच? मला वाटलं काय काय भरताय."

वर तात्पुरतं सिमेंट आहे, कॅप पुढच्या गुरुवारी. कॅप टाळू नका, रूट कॅनाल झालेली दाढ कॅपशिवाय तडकू शकते, आणि तडकली की मग काढावीच लागते. गुडघे अजून दुखतात, त्यासाठी हाडांच्या डॉक्टरकडे वेगळा नंबर लावलाय. ग्रुपवर आईने मामाला एवढंच लिहिलं: "दाढ आहे जाग्यावर. रविवारी चिवडा घेऊन ये." मामाने अंगठा दिलाय.