शके १६११ चें राज्यव्यसन व त्याचा प्रतीकार

कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणाच्या आरंभीं एक वाद आला आहे. राज्याच्या सात अंगांपैकीं स्वामी आणि अमात्य या दोहोंत कोणाचें व्यसन, म्हणजे आपत्ति, अधिक घातक? भारद्वाजाचें मत असें कीं, अमात्याचें. कारण मसलत, तिची सिद्धि, जमाखर्च व सैन्य हीं सर्व त्याच्याच हातीं असतात. कौटिल्यास हें मान्य नाहीं. अमात्यास नेमणारा आणि तो बिघडल्यास बदलणारा स्वामीच होय, असें त्याचें उत्तर आहे. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां हा भाग प्रथम वाचला, तेव्हां तो केवळ पंडितांचा वाद वाटला होता. पुढें राजारामकालीन पत्रें व शकावल्या पाहूं लागल्यावर ध्यानांत आलें कीं, या प्रश्नाची परीक्षा महाराष्ट्रांत एकदां प्रत्यक्ष होऊन गेली आहे. तिचा निकाल काय लागला, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

संभाजी महाराज १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वरीं सांपडले आणि फाल्गुन वद्य अमावास्या शके १६१० (११ मार्च १६८९) या दिवशीं त्यांचा वध झाला. त्याच महिन्यांत इतिकादखानानें, म्हणजे पुढील जुल्फिकारखानानें, रायगडास वेढा घातला. विजापूर १६८६ त व गोवळकोंडें १६८७ त बुडालें असल्यानें दक्षिणेंत मित्र म्हणावा असा कोणी प्रबळ राजा उरला नव्हता. किल्ले एकामागून एक जात होते आणि देशमुख-देशपांडे वतन राखण्यासाठीं मोंगलांकडे पाहूं लागले होते. सातांपैकीं एकही अंग धड राहिलें नव्हतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या प्रसंगीं पहिला निर्णय येसूबाईंचा. त्यांचा पुत्र शाहू अवघा सहा वर्षांचा; दीर राजाराम एकोणीस वर्षांचे. गादीचा आग्रह मुलासाठीं न धरतां राजारामांस पुढें करावें, त्यांनीं गडाबाहेर पडावें व आपण मुलासह गडावर राहावें, असें ठरलें. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरींत या वेळचें येसूबाईंचें भाषण दिलें आहे. परंतु ती बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची असल्यानें तेथील शब्द प्रत्यक्ष उच्चारलेले मानण्याचें कारण नाहीं. आचरण मात्र निर्विवाद आहे. राजाराम चैत्र वद्य १० शके १६११ रोजीं रायगडाहून निघाले, आणि गड त्यानंतर सुमारें सात महिने लढून नोव्हेंबरांत पडला. येसूबाई व शाहू कैदेंत गेले. ज्यांनीं सल्ला दिला, त्यांनींच त्याचें मोल दिलें.

राजाराम प्रतापगड व पन्हाळा या मार्गें बिदनूरवरून जिंजीस गेले. वाटेंत केळदीच्या राणी चेन्नम्मा यांनीं आश्रय दिला व त्यापायीं मोंगलांचा रोष पत्करला. या प्रवासाचें वर्णन केशव पंडितानें राजारामचरितम् या संस्कृत काव्यांत केलें आहे. तें १६९० त जिंजीस रचलें गेलें व १९३१ त वा. सी. बेंद्रे यांनीं प्रसिद्ध केलें. अलंकार वगळून वाचल्यास समकालीन साधन म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. एक गोष्ट विसरूं नये: जिंजीचा आसरा आयत्या वेळीं शोधलेला नव्हता. शिवाजी महाराजांनीं तो किल्ला १६७७ त घेऊन बळकट करून ठेविला होता. संकटांत उपयोगीं पडणारी सोय बहुधा सुबत्तेंतच करून ठेवावी लागते.

परंतु खरी युक्ति स्थलांतरांत नसून अधिकाराच्या वांटणींत होती. राजारामांनीं रामचंद्रपंत अमात्यांस ‘हुकुमतपनाह’ हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार त्यांच्या स्वाधीन केला. त्यांच्या हाताखालीं शंकराजी नारायण सचिव व परशुराम त्रिंबक होते. जिंजीस प्रल्हाद निराजींसाठीं प्रतिनिधि हें नवें पद निर्माण झालें. संताजी घोरपडे व धनाजी जाधव फौजा घेऊन दोन्ही प्रांतांत संचार करूं लागले. प्रत्येक कामास शेंकडों कोसांवरून हुकूम मागवावयाचा असता, तर राज्य एका पावसाळ्यांतच बुडतें. हुकूम जागच्या जागीं होत होते, म्हणूनच राजगड व तोरणा १६९० त आणि पन्हाळा १६९२ त परत आला. बादशहास मात्र दोन आघाड्या सांभाळाव्या लागल्या. एकट्या जिंजीपुढें त्याचें सैन्य सात वर्षांहून अधिक काळ अडकून पडलें.

येथवर भारद्वाजाचाच पक्ष खरा ठरतो. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोश रिकामा, म्हणून सेवेचें मोल वतनें व इनामें यांच्या वचनांनीं द्यावें लागलें. १६९१ त हणमंतराव घोरपडे यांस सहा लक्ष होन देण्याचें वचन झालें, त्याचे टप्पे पाहण्यासारखे आहेत. रायगड, विजापूर, भागानगर व औरंगाबाद घेतल्यावर प्रत्येकीं साडेबासष्ट हजार आणि बाकीचे साडेतीन लक्ष दिल्ली घेतल्यावर! स्वतःची राजधानी शत्रूच्या हातीं असतां दिल्लीचा हप्ता ठरविणारी ही उमेद थोर खरी. परंतु अशा सनदांनींच सरदार स्वतंत्र होत गेले. रामचंद्रपंतांचें म्हणून मानिलें जाणारें १७१५ चें आज्ञापत्र वतनदारांस राज्याचे वांटेकरी समजतें व नव्या वृत्ति देण्याविषयीं राजास सावध करितें. उपाय व अपाय दोन्ही ज्याच्या हातून घडले, त्याचाच तो अनुभव आहे.

दुसरा दोष स्वामीच्या बाजूचा. संताजी व धनाजी यांचें वैर मिटविणें हें अमात्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. तेथें धनीच पाहिजे होता. तें राजारामांस साधलें नाहीं. १६९६ त संताजींचें सेनापतिपद गेलें व १६९७ त त्यांचा घात झाला. दोड्डेरीस कासिमखानासारख्या सरदाराचा नाश करणारा पुरुष अशा रीतीनें गमावला गेला. या ठिकाणीं कौटिल्यच खरा.

मग निकाल काय? आमच्या मतें असा कीं, अमात्यांनीं राज्य तारलें, पण तें स्वामीच्या नांवानें तारलें. आणि स्वामीनेंही आपणांस निमित्तमात्र मानिलें. शंकराजी नारायणांस १६९७ त लिहिलेल्या पत्रांत, राज्याचा खरा धनी शाहू असून आपण करितों तें त्याच्यासाठीं, या आशयाचें राजारामांचें म्हणणें आहे. गादी कोणाची याविषयीं संशय नाहीं, आणि काम कोणीं करावयाचें याविषयीं अडवणूक नाहीं, या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणूनच राजाराम १७०० त सिंहगडीं निवर्तल्यावरही युद्ध थांबलें नाहीं, आणि १७०७ त औरंगजेब अहमदनगरीं वारला तेव्हां मराठ्यांचें राज्य उभें होतें.

ज्यांच्या दप्तरांत शके १६११ ते १६१९ पर्यंतच्या सनदा असतील, त्यांनीं त्या काढून एवढें अवश्य पाहावें कीं, शिक्का कोणाचा, हुकूम कोणाचा, आणि दिलेलें वचन पुढें पाळलें गेलें कीं नाहीं. वरील निकालाची खरी तपासणी अशा कागदांवरूनच व्हावयाची आहे.