आधी कोणाचा शब्द? : बिनतारी संदेशवहनातील अग्रक्रमाचा इतिहास

मराठीच्या प्राध्यापकाने बिनतारी संदेशवहनावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु एकाच आकाशात अनेकांना बोलायचे असेल, तर आधी कोणी बोलावे आणि इतरांनी किती थांबावे, हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे.

तारायंत्राच्या काळात त्याचे उत्तर सोपे होते : जो जादा दर भरील, त्याची तार आधी. बिनतारी यंत्रे जहाजांवर चढली, तेव्हा हा व्यापारी विचारही त्यांच्याबरोबर समुद्रावर गेला. १९०६ च्या बर्लिन कराराने संकटात सापडलेल्या जहाजाच्या हाकेला अग्रक्रम दिला खरा. पण संकटापूर्वीच्या इशाऱ्याचे काय? १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’वरील संदेशक जॅक फिलिप्स प्रवाशांचे खासगी निरोप किनाऱ्यावरील केप रेस केंद्राकडे धाडण्यात गुंतला होता. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरील सिरिल इव्हान्सने, बर्फामुळे आपण थांबलो आहोत, असे त्याला कळविले. फिलिप्सने त्याला गप्प केले. निरोप कप्तानाकडे पोचविलाच पाहिजे, असे दर्शविणारी खूण त्याला जोडलेली नव्हती. इव्हान्स यंत्र बंद करून झोपी गेला. ११ वाजून ४० मिनिटांनी ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळले. सुमारे १५०० माणसे गेली. त्यांत अखेरपर्यंत मदतीची हाक देत राहिलेला फिलिप्सही होता.

पुढे यंत्रेच एकमेकांशी बोलू लागली. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या ‘अलोहानेट’ने एक साधी रीत घातली : दोन यंत्रांचे संदेश एकमेकांवर आदळले, तर दोघांनीही आपापला अनिश्चित काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. १९९७ मध्ये वाय-फायचे मूळ मानक आले, तेव्हा त्याने ‘आधी कानोसा, मग बोलणे’ ही शिस्त तिला जोडली. तेथे सारे समान होते. परंतु दूरध्वनीवरचा आवाज आणि चित्रपटाची भली मोठी फाईल एकाच रांगेत उभी राहिली, आणि आवाज तुटू लागला.

२००५ मध्ये ८०२.११ई या सुधारणेने चार वर्ग केले : आवाज, चलचित्र, सामान्य वाहतूक आणि मागे पडली तरी चालेल अशी वाहतूक. आवाजाच्या वर्गाला थोडे थांबावे लागते, शेवटच्या वर्गाला अधिक. येथील न्याय मला मोलाचा वाटतो. आवाज जागा थोडी मागतो, पण त्याला थांबता येत नाही. फाईल पुष्कळ मागते, पण थांबू शकते. अग्रक्रम येथे पैशाला नाही, पदालाही नाही. थांबता न येण्याला आहे. मात्र प्रत्येकाने आपल्या संदेशावर ‘आवाज’ अशी खूण डकविली, तर अग्रक्रमाला अर्थच उरत नाही.

दुसरा प्रश्न चालत्या माणसाचा. मोबाइलच्या जाळ्यात एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे केव्हा जायचे, हे संभाषण चालू असताना मुख्यतः जाळे ठरविते. वाय-फायमध्ये तो निर्णय हातातल्या यंत्राचा. कित्येक यंत्रे दूर राहिलेल्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून बसतात. क्षीण संपर्कामुळे ती सावकाश बोलतात; तेवढाच मजकूर सांगायला त्यांना कितीतरी अधिक वेळ लागतो आणि तो सर्वांच्या वाट्यातून जातो. म्हणून २००८ मध्ये ८०२.११के व ८०२.११आर आणि २०११ मध्ये ८०२.११व्ही ही मानके आली. पहिले शेजारच्या ॲक्सेस पॉइंटांची माहिती देते, दुसरे ओळख पटविण्याचा वेळ वाचविते, तिसरे स्थलांतराचा सल्ला देते. सल्लाच, सक्ती नव्हे.

आपल्या शाळांतही आता हे जाळे आले आहे, आणि त्याचे नियम कोणीतरी बसून ठरवितो. मुख्याध्यापकांचे यंत्र आधी की दूरच्या शिक्षकाचा चालू तास आधी, हे त्याच्या हातात असते. त्याने दर्जा विचारू नये. कोणाला थांबता येणार नाही, एवढेच विचारावे. मोठ्या फाईलींना रात्र मोकळी आहे.